पंखा फिरतोय, पडदा काळा

"कुठं गेला हा इस्क्रू... आत्ता तर हातात होता," टेबलाखालून शिवप्रकाश पुटपुटत होता. "ह्या घरात एक वस्तू जागेवर सापडंल तर शपथ." शब्द जरा चावल्यासारखे येत होते, कारण स्क्रू त्याच्या ओठांतच होता.

महेश्वरी हातभर अंतरावर शेंगा फोडत बसली होती. पूर्वी असतं तर ती खळखळून हसली असती, आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीच्या टोकाला पोचली असती. आता आधी तिनं नवऱ्याकडं नीट बघितलं. हे साधं विसरणं, जे कुणाचंही होतं, की ते दुसरं? अलीकडं त्याची प्रत्येक गोष्ट तिच्याकडून आपोआप अशी दोन ढिगांत पडायची.

"अहो, पान खाल्ल्यासारखं काय बोलायलात? तोंडात काय हाय बघा जरा."

त्यानं ओठांतला स्क्रू काढला, उजेडात धरला आणि हसला. "हात्तिच्या! हा इथं बसून माझ्याच शिव्या ऐकायलाय."

महेश्वरी हसली. देव्हाऱ्यापाशी भिंतीला टेकून बसलेली भागम्मा, त्याची आई, तीही हसली. दोघी गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ हसल्या.

टेबलावर कॉम्प्युटरचा डबा एका बाजूनं उघडा पडला होता. सकाळपासून शिवप्रकाशनं त्याच्या आतल्या वायरी सोडवल्या होत्या, ब्रशनं धूळ काढली होती, जुना पॉवर सप्लाय काढून नवा बसवला होता आणि मेमरीची जुनी पट्टी काढून मोठी लावली होती. नवी वस्तू आली म्हणून भागम्मानं डब्याच्या कपाळावर, म्हणजे त्याला कपाळ असतं तर जिथं असतं तिथं, भस्माची तीन बोटं ओढली होती. फ्रिज, मिक्सर, नातीची स्कूटी, या घरात भस्म लागल्याशिवाय काहीच सुरू होत नसे. एकदा तर इस्त्रीला लावलं होतं आणि शिवप्रकाश लग्नाला पाठीवर तीन पट्टे घेऊन गेला होता.

त्यानं बटण दाबलं. पंखा घरघरला. हिरवा दिवा लागला. पडदा काळा.

"होईल," तो म्हणाला. कुणी काही विचारलं नव्हतं.

हा कॉम्प्युटर चालू होण्यावर काय अवलंबून आहे, हे तिघांनाही ठाऊक होतं. रविवारी मंजुषा, त्यांची लेक, नांदेडहून आली होती. तिथं ती शाळेत शिकवते. नवे पार्ट तिनंच आणले होते. मागं एकदा पप्पा म्हणाले होते, मशीन आता अडकायलीय म्हणून. जेवताना तिनं, भाजी वाढावी तितक्या सहज आवाजात, सांगून टाकलं की नांदेडला एका मोठ्या डॉक्टरांचा नंबर लावलाय, गुरुवारचा.

"कशाचा डॉक्टर?" शिवप्रकाशनं विचारलं.

"असंच. चेकअप."

"कशाचा चेकअप?"

मंजुषानं आईकडं बघितलं. आईनं ताकाच्या भांड्याकडं बघितलं. त्या घरात प्रत्येकाचा आपापला शब्द होता. मंजुषाचा 'चेकअप', महेश्वरीचा 'झोप नाही', भागम्माचा 'नजर लागली'. छापखानेवाला नागेश 'कामाचा लोड' म्हणायचा. या सगळ्या शब्दांच्या मधोमध एक रिकामी जागा होती आणि सगळे तिला वळसा घालून चालायचे.

शिवप्रकाशनं हात धुतले आणि पाटावर येऊन परत बसला. "ऐक. ही मशीन मी उघडतो. सप्लाय बदलतो, पट्टी बदलतो. माझा मी. कुणी हात लावायचा न्हाई. चालू झाली तर ह्या घरात नांदेडच्या डॉक्टरचं नाव काढायचं न्हाई. आन् न्हाई झाली, तर म्हणशील तिथं येतो. मुंबईला म्हण, मुंबईला येतो. ठरलं?"

"पप्पा, ह्याचा आणि त्याचा काय संबंध?"

"ठरलं का न्हाई?"

ठरलं. बापलेकींनी हातावर हातही मारला. महेश्वरीला तेव्हा जरा बरंच वाटलं होतं. कारण हे काम तो झोपेतही करू शकला असता.

गंगाखेडात पहिल्या तीन-चार कॉम्प्युटरांतला एक शिवप्रकाशच्या टेबलावर आला होता. परभणीला मराठी टाइपरायटर शिकून आलेला हा मुलगा की-बोर्डवर बोटं ठेवायचा आणि बघणारे पडद्याऐवजी बोटांकडं बघत राहायचे. बारशाची पत्रिका, लग्नाची पत्रिका, शेवटी काळ्या चौकटीतला कागद. गावातलं एकेक माणूस असं तीनदा त्याच्या बोटांखालून गेलं होतं. माणसं त्याला चेहऱ्यापेक्षा नावाच्या अक्षरांवरून जास्त ओळखू यायची. "हां, तो मळगीकर, त्याचं नाव एका ओळीत बसत न्हाई," असं तो रस्त्यात कुणाला तरी बघून म्हणायचा. त्याच्यापाशी बढाई नव्हती, पैसा तर नव्हताच. फक्त एखादी मशीन बंद पडली की येलदरीपासून पालमपर्यंत कुणाचाही फोन यायचा आणि हा हातातला घास ठेवून बोलायला लागायचा. पंखा फिरतोय, पण पडदा काळा? मग पहिली ती चार तारांची चौकोनी वायर बघा, प्रोसेसरजवळची. नवा सप्लाय बसवला की तीच राहते. लोक मोठी वायर लावतेत, आन् तिला विसरतेत.

महेश्वरीनं हे इतक्यांदा ऐकलं होतं की भाकरी थापताना ते तिच्या ओठांवर येई.

मग मागच्या वर्षी एका लग्नाच्या पत्रिकेत नवरीच्या जागी दुसऱ्याच घरच्या नवरीचं नाव पडलं. नागेशनं छापायच्या आधी पकडलं, म्हणून निभावलं. सगळे हसले, होतं असं. नंतर एकदा तो नागेशकडं प्रूफ द्यायला गेला आणि दिवे लागायच्या वेळेला प्रूफ हातात घेऊनच परत आला. छापखाना बंद होता म्हणाला. चपलांना नदीकाठचा चिखल होता. छापखाना बंद नव्हता. नागेशनं हे महेश्वरीला सांगितलं तेव्हा तो जमिनीकडं बघत होता, जणू चूक त्याचीच होती.

आणि आज बुधवारी हे.

शिवप्रकाशनं मेमरीची पट्टी काढली, पिनांवरून खोडरबर फिरवलं, फुंकर मारली, पट्टी बसवली. दोन्ही बाजूंनी टक् आवाज आला. बटण. पंखा. दिवा. काळा पडदा.

"बीपबी द्यायना," तो म्हणाला. "बीप दिलं की समजतं, तिला काय दुखायलंय. ही तर मुकीच बसलीय."

"व्होल्टेज कमी असंल," महेश्वरी म्हणाली. "कारखाना सुरू झाल्यापास्नं लाइटचं कुठं खरं हाय?"

"पंखा फिरायलाय की."

"पंख्याला कमी लागत असंल."

त्यानं तिच्याकडं बघितलं. इतकी वर्षं कॉम्प्युटरवाल्याच्या घरात राहून ही काय बोलायलीय, असं. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "असंल," तो म्हणाला. हे त्याचं 'असंल' महेश्वरीला फार लागलं. पूर्वीच्या शिवप्रकाशनं तिला अर्धा तास व्होल्टेज शिकवलं असतं.

दुपारी नागेश आला. मठाच्या उत्सवाची पत्रिका दरवर्षी शिवप्रकाशच जुळवायचा. कीर्तनकार, अन्नदाते, मानकरी, एक नाव मागंपुढं झालं तरी गावात भांडण.

"शरणार्थी, अम्मा," म्हणत त्यानं भागम्माला हात जोडले. "काय भाऊ, पेशंट कसा हाय?"

महेश्वरीनं झटकन वर बघितलं. नागेशच्या लक्षात आलं. "म्हणजे, मशीन," तो घाईनं म्हणाला. "मशीन कशी हाय?"

"होईल. जरा दम धर. नवा सप्लायच डुप्लिकेट दिलेला दिसतोय."

"हां, आजकाल लय डुप्लिकेट यायलंय," नागेशनं लगेच उचललं. "परवा माझ्या मशीनचा बेल्ट आणला, दोन दिवसांत फुस्स! तुमची काय चूक?"

चूक हा शब्द कुणी काढला नव्हता. तो आता टेबलावर, स्क्रूंच्या वाटीशेजारी, येऊन बसला.

शिवप्रकाशनं पट्टी काढली, पिनांवरून खोडरबर फिरवलं, फुंकर मारली. "हे करून बघतो," तो नागेशला म्हणाला. "पिनांवर घाण बसली की असं होतं. हे आधी करायला पाहिजे होतं."

महेश्वरीचा हात सुपात थांबला. सकाळपासून तो हेच करत होता. पट्टी, खोडरबर, फुंकर, बटण. आणि दर वेळी त्याला ते आत्ताच सुचलं होतं.

नागेशनंही ते पाहिलं असावं. कारण टेबलाच्या कडेला खोडरबराच्या काळ्या वळ्यांचा छोटा ढीग जमला होता, आणि त्याची नजर तिथून हलत नव्हती.

"माझ्यामुळं झालं," भागम्मा म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं. म्हातारी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसली होती.

"ती हिरवी पट्टी पुडीतनं काढून ठेवली होती न्हवं, तिला मी भस्म लावलं. सोनेरी दात होते खाली, त्याला. मला वाटलं, आतल्याला लावावं, वरच्याला लावून काय उपयोग?"

"अम्मा!" शिवप्रकाश ओरडला, पण त्या ओरडण्यात केवढी सुटका होती! "पिनांना भस्म लावतेत का कुणी? अगं, राख ती! करंट कसा जाईल तिच्यातनं?"

"मला काय कळतंय, बाबा. मी अडाणी."

"मी सकाळपास्नं खामखा हैराण व्हायलोय, आन् ही तिथं गप बसून!"

"तरी म्हणलं," नागेश मांडीवर थाप मारून म्हणाला, "भाऊच्या हातनं असं व्हायचंच न्हाई. अम्मा, आता प्रेसच्या मशीनला तेवढं लावू नका, माझं दुकान बसंल."

सगळे म्हातारीला रागावले. महेश्वरीही रागावली, "काय हे अम्मा, विचारायचं तरी," असं म्हणाली. भागम्मानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. तिनं पट्टीला हात लावलाच नव्हता. पुडी फोडली तेव्हा ती तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसली होती, आणि पूजा सोडून ती घराला आग लागली तरी उठायची नाही. हे महेश्वरीला माहीत होतं. महेश्वरीला माहीत आहे, हे भागम्मालाही माहीत होतं.

शिवप्रकाशनं पट्टी खिडकीपाशी नेऊन उलटसुलट केली. "भस्म दिसत तर न्हाई कुठं," तो हळूच म्हणाला.

"तुमच्या रबरानं निघालं असंल की," महेश्वरी म्हणाली.

पट्टी बसवली. बटण. पंखा. दिवा.

काळ्या पडद्यात चौघांचे चेहरे दिसत होते. नागेशनं आधी मान वळवली.

"भाऊ, मी काय म्हणतो... मॅटर मला उद्या मशीनवर चढवायचंय. ह्या बारीला मी तिकडं स्टँडजवळच्या पोराकडनं करून घेऊ का? फक्त ह्या बारीला. तुमाला आराम."

"नावं चुकवंल तो."

"मी तपासून घेतो."

नागेश उंबऱ्यात चपला घालत बराच वेळ रेंगाळला. "वहिनी, संध्याकाळी फोन करतो," म्हणून गेला. वहिनींशी बोलून गेला. ज्याचं काम होतं त्याच्याशी नाही. हे शिवप्रकाशनंही ऐकलं.

तो उठला. "डोळे झोंबायलेत. आंघोळ करतो," म्हणाला आणि मागं परसात गेला. बंब पेटवल्याचा, बादली ओढल्याचा आवाज आला.

महेश्वरी सूप बाजूला सारून टेबलापाशी आली. डब्यात वाकून बघितलं. शोधावं लागलंच नाही. नव्या सप्लायच्या झुबक्यातून एक वायर मागच्या पत्र्याला टेकून लोंबत होती. चार तारा, चौकोनी टोक. तिच्यासाठीचं रिकामं घर प्रोसेसरच्या शेजारी, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं.

तिनं वायरीचं टोक बोटात धरलं. आणि तशीच उभी राहिली.

"काय हाय?" भागम्मानं विचारलं.

"ही लावायची राहिलीय."

"सापडली म्हण की. मग लाव."

"अम्मा, मी लावली तर उद्या हे नांदेडला यायचे न्हाईत. पैज हाय."

"न येऊ दे."

"डॉक्टरला दाखवलं तर काहीतरी गोळ्या देतील. थोडं थांबंल तरी."

"तू मला सांगायलीस?" भागम्माचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "काय थांबंल? डॉक्टर त्याला एक नाव देईल. कागदावर लिहून देईल. मग उद्यापास्नं तेवढंच उरंल त्याचं. आज तो चिडतोय, शिव्या देतोय, बापाचं नाव काढलेला लेक हाय माझा. एवढं एक जिंकू दे त्याला, पोरी. मी काय जास्त मागायलीय?"

पाणी अंगावर घेतल्याचा आवाज येत होता. आंघोळीला बसला की तो मोठ्यानं शिवस्तोत्र म्हणायचा. आज म्हणत नव्हता. की मधेच अडकेल म्हणून म्हणत नव्हता? महेश्वरीच्या डोळ्यांसमोर नांदेडचा दवाखाना आला. पांढऱ्या भिंती, खुर्चीत अवघडून बसलेला शिवप्रकाश, आणि आज वार कोणता असं त्याला विचारणारं कुणीतरी. मग काळा पडदा आठवला, आणि नागेशची वळलेली मान.

तिनं वायर दाबून बसवली. टक् आवाज आला. तिला तो गल्लीभर ऐकू गेल्यासारखा वाटला. ती पटकन जागेवर येऊन बसली आणि फोडलेल्याच शेंगा पुन्हा चाळायला लागली. बटण तिनं दाबलं नाही. तेवढं त्याच्यासाठी ठेवलं.

शिवप्रकाश आला. कपाळावर ताजं भस्म, अंगात धुतलेला सदरा. टेबलापाशी काही क्षण नुसता उभा राहिला, जणू आपण इथं कशासाठी आलो ते आठवतोय. मग त्यानं पट्टी काढली. खोडरबर फिरवलं, फुंकर मारली, पट्टी बसवली. बटण दाबलं.

पंखा घरघरला, दिवा लागला आणि एक छोटा, स्वच्छ बीप आला. पडद्यावर पांढरी अक्षरं पळाली. मग निळा रंग उघडला.

"झाली!" भागम्मा टाळी वाजवून म्हणाली. "बघ, भस्म निघालं आन् झाली!"

"झाली," शिवप्रकाश म्हणाला. त्याचा चेहरा मंजुषा जन्मली त्या दिवशीसारखा झाला होता. "काय म्हणलो होतो मी? हात विसरत नसतेत. डोकं विसरंल एखाद्या बारी, हात न्हाई." तो महेश्वरीकडं बघून हसला. तीही हसली. हसताना तिला कळलं की आपण काय केलंय. उद्याची गाडी त्यांच्याशिवाय जाईल. मग पुढच्या महिन्यातली. तो नदीकाठी जाईल, प्रूफ घेऊन. आणि दर वेळी कुणीतरी मागून गुपचूप एक वायर जोडत राहायची. कुठवर?

"पत्रा लावून टाकतो," तो म्हणाला. पत्रा बसवायच्या आधी आत टॉर्च मारून बघायचं, ही त्याची जुनी शिस्त. त्यानं टॉर्च मारली. उजेड पट्टीवर, पंख्यावर, तारांच्या झुबक्यावर फिरला आणि प्रोसेसरजवळ येऊन थांबला.

तिथंच थांबून राहिला.

त्यानं बोट आत घातलं आणि त्या चौकोनी टोकावर हलकेच ठेवलं. जवळून जाणाऱ्या सगळ्या वायरींना तो सवयीनं पीळ देऊन, कडेनं नेऊन, बांधून टाकायचा. ही एकटीच मधून आडवी, कशीतरी ताणलेली होती, आणि टोकाला शेंगांची माती लागली होती. महेश्वरीनं शेंगांवरून नजर वर केली नाही. भागम्मानं डोळे मिटून घेतले आणि जप सुरू केला. ती जपाची वेळ नव्हती.

शिवप्रकाशनं टॉर्च बंद केली. पत्रा न लावताच खुर्चीवर बसला. मठाच्या पत्रिकेची फाइल उघडली. पहिलं नाव टाइप केलं. दुसरं केलं. बोटं भराभर चालत होती. मग थांबला.

फोन वाजला. महेश्वरीनं स्पीकर लावला. हात शेंगांच्या मातीनं भरले होते.

"आई, काय झालं? चालू झालं का?" मंजुषाचा आवाज शाळेच्या गोंगाटातून आला.

महेश्वरीनं नवऱ्याकडं बघितलं.

"झालं," शिवप्रकाश खुर्चीवरूनच म्हणाला.

मग मंजुषा म्हणाली, "अरे वा! पप्पा, ग्रेट." तिचा आवाज ओढूनताणून उंच गेला होता. "मग... मग ते उद्याचं कॅन्सल करते मी. ठरल्याप्रमाणं."

"हां, करून टाक," भागम्मा घाईनं म्हणाली. "थकला होता, दुसरं काय न्हाई. झोप झाली की..."

"अम्मा," शिवप्रकाश म्हणाला. "गप बस जरा."

तो खुर्चीतून वळला. आधी आईकडं बघितलं, मग महेश्वरीकडं, तिच्या मातीनं भरलेल्या बोटांकडं. रागावलेला नव्हता. एखाद्या पत्रिकेतली चूक शेवटी नजरेला पडावी, तसा त्याचा चेहरा शांत होता.

"मंजू, कॅन्सल करू नको," तो फोनकडं झुकून म्हणाला. "मशीन तुझ्या आईनं चालू केली. मी न्हाई. सगळ्या दुनियेला जी वायर बघा म्हणून सांगितलं, ती मलाच दिसली न्हाई."

"पप्पा, होतं असं कधी—"

"होत न्हाई असं. ऐक." पंखा फिरत होता. "मी थकलेलो न्हाई, आन् नजरबी लागलेली न्हाई. माझं डोकं जायलंय, पोरी."